एकच गिटार, एकच ॲम्प, तेही कायमचे: कोणते ठेवाल?

तिसरा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, नौपाड्यातली आमची सोसायटी अखेर पुनर्विकासाला निघाली. १९७४ची इमारत, लिफ्ट नाही, गच्चीवर दर पावसाळ्यात ताडपत्री. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे आपण पाच धरायची. तोवर घणसोलीत वन बीएचके घेतलंय भाड्याने, बायकोचं ऑफिस महापेला आहे म्हणून.

रविवारी ती सामानाची यादी करत होती. 'गिटार ५, ॲम्प २' या ओळीपाशी पेन थांबलं. ती गाते. तिच्याकडे एक पेटी आहे, लग्नाआधीची. म्हणाली, "तीस वर्षं हीच आहे. मला कधी दुसरी लागली नाही. तुला पाच कशाला लागतात?" मी म्हटलं, पेटीचं वेगळं, गिटारचं वेगळं. "काय वेगळं?" मला धड सांगता आलं नाही. निकाल लागला: एक गिटार, एक ॲम्प. (पेडल, म्हणजे आवाज बदलणारे पायाखालचे डबे, या हिशेबात धरायचे नाहीत, हे तिला अजून कळवलेलं नाही.)

ऐवज असा. कॉलेजातली गिव्हसन, तीनशे जणांनी हाताळलेली, पूल (तारा अडकतात तो ब्रिज) उचकटलेला. १९९६ची अमेरिकन स्ट्रॅटोकॅस्टर, मावसभावाने न्यू जर्सीहून हातात धरून आणलेली. एक एपिफोनची लेस पॉल, खांद्याचं दुखणं हिच्यामुळेच. मेक्सिकन टेलिकॅस्टर, मेपलचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटांची पट्टी), कॅपो अडकवून ठेवलेली (सगळ्या तारा एका जागी दाबणारा चिमटा). आणि गिब्सनच्या ३३५ छापाची एक पोकळ अंगाची, दिसायला देखणी म्हणून घेतली होती, खोटं कशाला बोलू.

ॲम्प दोन: आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा माझ्या वाट्याला आलेला ट्विन रिव्हर्ब, ८५ वॅट, २९ किलो, आणि एक प्रिन्स्टन रिव्हर्ब, १२ वॅट, दहा इंची स्पीकर. ट्विन अमेरिकन व्होल्टेजचा आहे, त्यामुळे त्याच्यासोबत लोखंडी पेटीतला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही नांदतो. तिसऱ्या मजल्यावर हे सगळं कसं चढलं ते मला आठवत नाही. कसं उतरणार याचा विचार केला की कंबर आत्ताच धरते.

तुम्ही असता तर काय ठेवलं असतं? 'सगळं ठेवा आणि बायकोला समजवा' असे सल्ले नकोत. देणाऱ्यांनी आधी आमच्या घरी येऊन प्रयत्न करावा.

---

खाडीपलीकडचा

स्ट्रॅट. प्रश्नच नाही. तीन पिकअप (तारेचा आवाज उचलणारी चुंबकं), पाच आवाज, पोटाशी खोलगट कापलेलं अंग. १९५४पासून लोक वाजवताहेत, तुम्ही कोण बदलणार?

---

सोल्डरवाला

'कायम' हा शब्द वापरलात म्हणून लिहितो, नाहीतर 'कुठली भारी' छापाच्या धाग्यांवर मी येत नाही. वागळे इस्टेटमध्ये दुरुस्तीचं काम करतो. बावीस वर्षं झाली. माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे मी एकाच नजरेने बघतो: ही मोडली की काय होईल?

टेलिकॅस्टर मोडत नाही, आणि मोडली तर उघडता येते. ती बनवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि ते त्या गिटारीत दिसतं. फळीसारखं सपाट अंग, मान चार स्क्रूंवर. मान वाकली, फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) गेले, तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५०मध्ये ही 'ब्रॉडकास्टर' नावाने आली. त्या नावासारखंच नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमना होतं, त्यांनी हरकत घेतली. तेव्हा कारखान्यात शिक्क्यांवरचं नाव कापून नुसतं 'फेंडर' ठेवून काही महिने माल निघाला. १९५१मध्ये टेलिकॅस्टर नाव मिळालं. मधल्या त्या बिननावाच्या गिटारींना आता लोक वेड्यासारखे पैसे देतात.

उलट लेस पॉल. मान अंगाला सरसाने चिकटवलेली, डोकं मागे १७ अंशांत कललेलं, आणि नेमक्या त्या सांध्यापाशी मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीसाठी लाकूड पोखरलेलं. स्टँडवरून मागे पडली की डोकं जातं. चिकटवता येतं, मी महिन्याला एखादं चिकटवतोच, पण ज्याचं जातं त्याचा चेहरा मला बघवत नाही. एका नामांकित दुकानातून कुरियरने आलेली नवी कोरी गिटार माझ्याच टेबलावर उघडली आणि डोकं वेगळं निघालं. नुकसानभरपाईसाठी पोरगं आठ महिने हेलपाटे घालत होतं.

ॲम्पचं: दोन्ही व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचे) आहेत. ट्विनमध्ये सिक्स-एल-सिक्सचे चार, प्रिन्स्टनमध्ये सिक्स-व्ही-सिक्सचे दोन. हे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथेच बनतात. २०२२मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा भाव कुठे गेले ते आम्हालाच माहीत. कायम ठेवायचं तर दोन व्हॉल्व्ह बदलणं परवडतं, चार परवडत नाहीत. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही.

आणि कृपा करून कोणी घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट बसून राहतात.

---

प्लगइन_पोरगा

काका लोकहो, कुठल्या काळात आहात? एक मॉडेलर (ॲम्पची नक्कल करणारा डिजिटल डबा) घ्या, आत दोनशे ॲम्प, हेडफोन लावा, रात्री दोनला वाजवा. वजन दोन किलो. वहिनी खूश, शेजारी खूश. ट्विन विका, तेवढ्यात आरामात येईल. मी खारघरला पीजीमध्ये राहतो, रूममेटला दोन वर्षं कळलं नव्हतं की मी गिटार वाजवतो.

---

सोल्डरवाला

@प्लगइन_पोरगा, वस्तू चांगल्या असतात, मी स्वतः सरावाला वापरतो. पण धागा 'कायम'चा आहे. तुझ्या डब्यातली स्क्रीन गेली, किंवा त्याचं ॲप पुढच्या फोनवर चाललं नाही, तर मी काय करणार? १९६५चा ॲम्प माझ्याकडे येतो तेव्हा आत सगळं डोळ्यांना दिसतं, हातांनी बदलता येतं. पंधरा वर्षांपूर्वीचे डिजिटल डबे येतात तेव्हा मी चहा पाजून परत पाठवतो.

---

प्लगइन_पोरगा

मान्य. पण पंधरा वर्षांत माझं दोनदा लग्न होईल, डबा एकदा बदलला तर काय बिघडलं :)

---

ऑर्केस्ट्रातले_काका

धागा वाचून मन चाळीस वर्षं मागे गेलं. आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात आरतीच्या आधी व्हॅन शिप्ले यांच्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारच्या रेकॉर्डी लागायच्या. ते वाद्य मांडीवर आडवं ठेवून वाजवतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर मी उभी गिटार घेऊन तो आवाज काढायला बघत होतो आणि स्वतःला नालायक समजत होतो.

पुढे ऑर्केस्ट्रात बारा-तेरा वर्षं वाजवलं. ठाण्यात गडकरी रंगायतन, वाशीत भावे नाट्यगृह, आणि उरलेले सगळे मैदानावरचे. मैदानावर सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार म्हणजे शिक्षा. दिव्यांचे डिमर, जनरेटर, मंडळाच्या रोषणाईच्या माळा, सगळ्यांची घूं-घूं पिकअपमध्ये उतरते. निवेदक "आता एक हळुवार गाणं" म्हणतो आणि मागे माझी गिटार गिरणीसारखी वाजतेय. हंबकर पिकअप मिळाला तेव्हा सुटलो. युक्ती साधी आहे: दोन कॉइल शेजारी, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाची बाजूही उलटी. तारेचा आवाज दोन्हीत जुळून येतो, बाहेरची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये ही जुळणी केली.

तेव्हा काकांचं मत ३३५ छापाला. दोन हंबकर, पोकळ अंग, मधे लाकडाचा ठोकळा म्हणून शिट्टी मारत नाही. भावगीतामागे धरा, नाचाच्या गाण्याला धरा, कुठेही अंग चोरत नाही. आणि ॲम्प विचाराल तर तुमच्याकडे नाही तो: रोलँडचा जेसी-१२०. १९७५चा, ट्रान्झिस्टरवाला, व्हॉल्व्हची कटकटच नाही. भाड्याने कुठेही तोच यायचा. पावसात भिजलेला, टेम्पोतून पडलेला, त्यावर कोणी चहा सांडलेला, तरी बटण दाबलं की तोच काचेसारखा आवाज. आमच्यातले दोन गायक, एक ढोलकीवाला आणि तीन टेम्पो त्याच्याआधी निकामी झाले.

---

कडूकारलं

पाच गिटारी असून प्रश्न पडतो म्हणजे एकही धड वाजत नाही.

---

तिसरा_मजला

@कडूकारलं, सौ. हेच म्हणाली, फक्त जरा गोड शब्दांत.

@ऑर्केस्ट्रातले_काका, दंडवत. ढोलकीवाल्याचं काय झालं तेही येऊ द्या कधीतरी.

---

पामबीच

मी २०१९च्या डिसेंबरात नेरूळला डी. वाय. पाटीलवर यूटू ऐकलं. सगळे त्यांच्या गिटारवादकाच्या, एजच्या, गिटारींबद्दल बोलत होते, आणि तो बदलतोही भरपूर. पण त्याच्या आवाजाच्या मुळाशी इतकी वर्षं व्हॉक्स एसी-थर्टी हा ॲम्पच आहे. क्वीन बँडच्या ब्रायन मेचं तर दोन्ही बाजूंनी पक्कं: १९६३मध्ये वडिलांबरोबर घरी बनवायला घेतलेली गिटार, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि पुढे एसी-थर्टी. पन्नासहून जास्त वर्षं झाली, जोडी तीच.

माझा मुद्दा असा की तुम्ही प्रश्न उलटा विचारताय. आधी ॲम्प ठरवा. गिटार हाताला कळते, पण ऐकू येतो तो ॲम्प.

---

खाडीपलीकडचा

ब्रायन मेची जोडी ठीक आहे, पण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने काय केलं? २०१९च्या जूनमध्ये शंभरावर गिटारी लिलावात काढल्या, जिच्यावर आयुष्य काढलं ती काळी स्ट्रॅटसुद्धा. ती एकटी ३९ लाख डॉलरच्या वर गेली, आणि सगळे पैसे हवामानबदलाच्या कामाला दिले. म्हणजे ज्याची खरी 'ती एक' होती त्याने तीच विकली. तुम्ही आम्ही मात्र माळ्यावर जागा शोधतोय.

(माझं मत अजूनही स्ट्रॅट. विकायची असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.)

---

काळी_पाच

अच्छा, म्हणजे इथपर्यंत सगळे पुरुष आपापली गिटार धागाकर्त्याला चिकटवताहेत :)

दादा, मी गाते आणि वाजवतेही. माझा हात लहान आहे, त्यामुळे मला लांबीचं पटकन कळतं. फेंडरची (स्ट्रॅट, टेली) तार साडेपंचवीस इंच, गिब्सनची (लेस पॉल, ३३५) पावणेपंचवीस. कागदावर पाऊण इंच, पण तोच सूर लावायला फेंडरची तार जास्त ताणावी लागते. वय वाढेल तसं बोटांना ते जाणवेल. 'कायम'मध्ये तुमची साठीनंतरची बोटंही येतात, हे धरा.

पण खरं सांगू? मतं मागू नका. पाचही गिटारी उन्हात न्या आणि फ्रेट बघा. जी वाजते तिचे फ्रेट खातात, तारेखाली बारीक खळगे पडतात. कुठल्या फ्रेटवर पडलेत तेही बघा. तुम्ही काय वाजवता ते तुमच्यापेक्षा त्या खळग्यांना जास्त ठाऊक असतं.

---

सोल्डरवाला

+१००. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, रोज तेच बघतो. मेपलचा बोर्ड असेल तर अजून सोपं, वॉर्निश उडून काळे डाग पडतात. शिसवीच्या बोर्डावर ते लपतं.

शिसवीवरून एक: १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं, तेव्हापासून जगभरच्या गिटारींवर आपलं भारतीय शिसव बसतंय. २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय नियमाने शिसवाच्या सगळ्याच जातींवर परवान्याचं लफडं आलं होतं, २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे झाड आपलं, गिटार होऊन परत आली की आयातकर आपल्यालाच.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

घणसोलीला येताय तर एक सूचना. खाडीची हवा आहे. जुलैत नव्या तारा आठ-दहा दिवसांत काळ्या पडतात. माझ्या टेलीच्या पुलाचे स्क्रू गंजून एवढे बसले की शेवटी @सोल्डरवाला यांच्याकडेच नेली. वाजवून झालं की तारा पुसा, गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर मानेची सळी एकदा बघून घ्या. पोकळ अंगाच्या गिटारीला हे जास्त लागतं.

---

तिसरा_मजला

@काळी_पाच ताई, तुमचं ऐकलं.

शनिवारी दुपारी पाचही गिटारी गॅलरीत काढल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी विचारायला लागल्या, विकायला काढल्या का. भिंग घेऊन बसलो. स्ट्रॅट जवळजवळ नवी. १९९६ची गिटार, आणि फ्रेट दुकानातल्यासारखे चकचकीत. लाज वाटली. मावसभावाने ती विमानात मांडीवर घेऊन आणली होती. लेस पॉलला पाचव्या फ्रेटपाशी थोडेसे खळगे, ऑर्केस्ट्राच्या दिवसांतले. ३३५ला नखभरही काही नाही. गिव्हसनला सगळीकडेच खळगे, पण ते माझे एकट्याचे नाहीत, अख्ख्या हॉस्टेलचे आहेत.

टेलीवर मात्र चौथ्या फ्रेटवर सहाही तारांखाली एका रेषेत खळगे. आणि तिथून पुढे, पाचवा, सहावा, आठवा, बोर्डाचं वॉर्निश उडून लाकूड काळं झालेलं. चौथ्याच्या मागे, खुंट्यांकडे, बोर्ड कोरा करकरीत.

दोन मिनिटं कळेना. मग पेटलं. सौ. काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाते. रात्री जेवणं झाल्यावर ती रियाजाला बसते तेव्हा मी शेजारी बसून कॉर्ड धरतो. काळी चार सरळ धरायला बोटं वाकडी होतात, म्हणून कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि ई-चे आकार. पहिल्या पोस्टमध्ये मी स्वतःच 'कॅपो अडकवून ठेवलेली' असं लिहिलंय, बघा. सतरा वर्षं तो तिथून हललाच नाही बहुतेक. मी स्वतःला ब्लूज वाजवणारा समजत होतो. फ्रेट सांगताहेत की मी साथीदार आहे.

तिला दाखवलं. भिंगातून बघितलं तिने. म्हणाली, "म्हणजे माझ्या पेटीची दुसरी पेटी." आणि कांदे चिरायला निघून गेली.

तर टेली. ॲम्पचा निर्णय त्याच ओघात झाला. पेटीच्या शेजारी ट्विनचं आवाजाचं बटण दोनच्या वर नेता येत नाही, आणि दोनवर तो झोपलेलाच असतो.

---

सोल्डरवाला

एक भ्रम काढून टाकतो. ८५ वॅट म्हणजे १२ वॅटच्या सातपट आवाज नव्हे. शक्ती दहापट केली तर कानाला साधारण दुप्पट वाटतं, सातपट म्हणजे त्याहूनही कमी. तुमचा प्रिन्स्टन वन बीएचकेला भरपूर आहे. चारच्या पुढे नेऊ नका, घणसोलीच्या भिंती नौपाड्यासारख्या जाड नसतात.

---

ऑर्केस्ट्रातले_काका

माझी ३३५ हरली, पण ज्या कारणाने हरली ते पाहून तक्रार नाही. साथ करणाऱ्याला टेलीच बरी. गाणाऱ्याच्या आवाजावर बसत नाही, बाजूने जाते.

---

कडूकारलं

पेडल किती आहेत ते नाही सांगितलंत.

---

तिसरा_मजला

@कडूकारलं, अकरा. इथे सौ. येत नाही अशी खात्री आहे म्हणून लिहितोय.

अंतिम हिशेब: स्ट्रॅट भाच्याला. मावसभावाला फोन करून विचारलं, तो म्हणाला वाजवणार असेल तर दे. लेस पॉल @सोल्डरवाला यांच्यामार्फत गेली, डोकं शाबूत. ३३५ एका कॉलेजच्या मुलीने नेली, ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी लोकलमध्ये पाठीला लावून गेली. काका, तिला तुमचं वाक्य सांगितलं, 'कुठेही अंग चोरत नाही' वालं.

ट्विनला चार जण लागले. दुसऱ्या मजल्यावर एक जण थांबला आणि म्हणाला, "साहेब, फ्रिज रिकामा करून द्यायचा असतो." घेणारा कोपरीचा बँडवाला. नेण्याआधी वाजवून दाखवा म्हणाला. वाजवला. सहावर. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो तिथे. खालच्या मजल्यावरच्या जोशी काकू वर आल्या. भांडायला आल्या असं वाटलं, तर म्हणाल्या, "आता सगळेच जाणार, वाजव अजून पाच मिनिटं." वाजवला.

गिव्हसनला तारा नाहीत, त्यामुळे ती कायद्याने गिटार धरता येत नाही, असा युक्तिवाद मी केला. निकाल राखून ठेवलाय. सध्या चादरींच्या गाठोड्यात आहे.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

घणसोलीत कुठल्या सेक्टरला येताय? आमचे साडू सात नंबरला राहतात, पहिला मजला. रात्री दहानंतर काळी चार ऐकू आली तर फोन येईलच.